न गाळलेल्या व्हाइट वाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दोन-तीन महिन्यांतून एकदा सात-आठ जण जमतात. प्रत्येक जण काहीतरी करून आणतो, एखादी वाइनची बाटली उघडतो आणि गप्पा रात्री उशिरापर्यंत चालतात. गेल्या काही वर्षांत या बाटल्यांत गढूळ, न गाळलेल्या व्हाइट वाइनची भर पडली, विशेषतः दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळून केलेल्या ब्लेंडची. तेव्हापासून तेच तेच प्रश्न फोनवर, लग्नकार्यात, अगदी भाजी घेतानाही विचारले जातात. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

बाटली गढूळ दिसतेय आणि तळाशी काहीतरी बसलंय. खराब झाली का?

नाही. लाकडी घाण्याचं तेल आणलं की बरणीच्या तळाशी साका बसतो, तसाच हा साका. त्यात काम संपवून निपचित पडलेलं यीस्ट असतं, द्राक्षाच्या गराचे अगदी बारीक कण असतात आणि थोडी प्रथिनं. पोटात गेला तरी काही होत नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गढूळ आहे म्हणून चांगली, असंही नसतं. आळशीपणाने केलेली वाइनसुद्धा गढूळच दिसते. रंगावरून निकाल देऊ नका, वास घ्या. तो कसा घ्यायचा ते पुढे लिहिलंय.

गाळत नाहीत म्हणजे नेमकं काय करत नाहीत?

माझा मावसभाऊ नाशिकजवळच्या दिंडोरीच्या बाजूला एका वाइनरीत काम करतो. फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या दिवसांत, मी त्याच्याकडे गेले होते. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. एप्रिलच्या सुमाराला एक छाटणी, पावसाळा सरता सरता दुसरी, आणि फळ थंडीत पिकवायचं, असा हिशेब. युरोपात हेच काम ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये चालतं.

द्राक्षं दाबून रस काढला की तो थंड टाकीत एक रात्र ठेवतात. जड चोथा खाली बसतो आणि वरचा रस दुसऱ्या टाकीत जातो. मग यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. व्हाइट वाइनसाठी हे काम थंडाव्यात, साधारण १४ ते १८ अंश सेल्सिअसला, दोन-तीन आठवडे चालतं. भावाने टाकीच्या तोटीखाली पेला धरला आणि म्हणाला, "चाख, अजून आंबतेय." ताकासारखा धुरकट रंग, जिभेवर बारीक चुरचुर, आणि वास थेट पेरूचा. मला तिथेच ती आवडली. दोन महिन्यांनी तीच वाइन गाळून, बाटलीत भरून घरी आली, तेव्हा ती काचेसारखी स्वच्छ होती आणि पेरू बराचसा मागे राहिला होता. गाळण्याने दर वेळी वास जातोच असं नाही, भरताना हवा किती लागली यावरही ते अवलंबून असतं. पण फरक कुठे पडू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

नेहमीच्या वाइनला इथून पुढे दोन संस्कार होतात. पहिला फाइनिंगचा: वाइनमध्ये बेंटोनाइट नावाची माती किंवा दुसरं एखादं द्रव्य टाकतात, ते प्रथिनांना चिकटून खाली बसतं. दुसरा गाळण्याचा: शेवटची चाळण ०.४५ मायक्रॉनची असते. यीस्टची पेशी पाच-दहा मायक्रॉनची आणि जिवाणू साधारण एक मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे या चाळणीतून दोघंही सुटत नाहीत. न गाळलेल्या वाइनमध्ये ही शेवटची चाळण नसते. वाइन नुसती निवळू देतात, वरचा भाग काढतात आणि भरतात. कित्येकदा ती त्या साक्यावरच काही महिने ठेवतात, अधूनमधून ढवळतात. मेलेल्या यीस्टच्या पेशी विरघळत जातात आणि वाइनला साईसारखा गुळगुळीतपणा आणि ताज्या पावाचा वास देतात.

थोडक्यात, बाटलीत अजून थोडा जीव शिल्लक असतो. खालच्या बऱ्याचशा उत्तरांचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

एकाच जातीची का नाही? ब्लेंड कशाला?

मसाला एकाच जिनसाचा करत नाहीत, त्याच कारणाने. शेनँ ब्लांक ही द्राक्षाची जात आंबटपणा सांभाळते. सोव्हिन्यों ब्लांक वास आणते, कैरी, पेरू आणि कधी चक्क ढोबळ्या मिरचीचा. हा नुसता भास नाही, मिरचीत आणि या द्राक्षात तो वास देणारं रसायन खरोखर एकच आहे. शार्दोने अंग भरते. व्हियोनिए जर्दाळूचा गोड वास देते पण तिला आंबटपणा बेताचा, म्हणून तिला शेनँची सोबत चांगली. मस्कट थोडीच घालतात, कारण ती सगळ्यांवर चढते. तिच्यातलं लिनालूल नावाचं द्रव्य आपल्या धण्यातही असतं.

फ्रान्सच्या बोर्दो भागात सोव्हिन्यों आणि सेमियों यांची जोडी जुनी आहे. व्हिएन्नात तर एकाच मळ्यात वेगवेगळ्या जाती लावतात, एकत्र तोडतात आणि एकत्रच आंबवतात. न गाळलेल्या वाइनमध्ये ब्लेंडचा आणखी एक फायदा मला दिसतो. साक्यामुळे चव थोडी बोथट होते, तेव्हा एखादी आंबट, तरतरीत जात जोडीला असली की पेला जड वाटत नाही.

तळाशी काचेसारखे कण आहेत!

काच नाही. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत, थंडीने तयार होतात. हेच आम्ल चिंचेत असतं. निर्धोक आहेत, फक्त दाताखाली कचकचतात, म्हणून शेवटचा घोट हळू ओता.

किती थंड करायची?

इथे सगळ्यात जास्त चूक होते, आणि इंदुरात तर हमखास, कारण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की बाटली फ्रीजरमध्येच टाकावीशी वाटते.

साध्या, हलक्या व्हाइट वाइनला ७-८ अंश चालतात. न गाळलेल्या ब्लेंडला १० ते १३ अंश हवेत. घरचा फ्रीज साधारण ४-५ अंशांवर असतो. तिथून काढून लगेच ओतली तर वास मिटून बसतो आणि साक्याचा कडसरपणा तेवढा पुढे येतो. मग लोक म्हणतात, "हिला काही चवच नाही." चव असते, गारठलेली असते.

माझी पद्धत अशी. बाटली आदल्या दिवशी फ्रीजमध्ये उभी ठेवायची. थंडीच्या दिवसांत वाढायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढायची. एप्रिल-मेमध्ये पाच-सात मिनिटं पुरतात, कारण पेल्यात गेल्यावर ती आपोआप तापते. पेला अर्ध्याहून कमी भरायचा आणि बाटली परत थंड्या जागी ठेवायची.

पाहुणे अचानक आले तर बादलीत बर्फ, बर्फाइतकंच पाणी आणि मूठभर मीठ घाला. नुसता बर्फ बाटलीला सगळीकडून टेकत नाही, पाणी टेकतं. आणि मिठाने ते पाणी शून्याच्याही खाली जातं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली मात्र गोठून बूच वर ढकलते, कधी फुटतेही.

माळव्याच्या रात्रींचं कौतुक जुनं आहे, शब-ए-मालवा म्हणतात ते उगाच नाही. मार्चमध्ये गच्चीवर नऊनंतर जी हवा सुटते, तिच्यात ही वाइन पेल्यात बराच वेळ नीट राहते. उन्हाळ्यातही मी दुपार टाळते, रात्रीच उघडते.

बाटली हलवायची की साका तळाशीच राहू द्यायचा?

दोन्ही बरोबर आहे, पण एक काहीतरी ठरवा. अर्धवट हलली की पहिल्या दोघांना निवळ, पुढच्या दोघांना धुरकट आणि शेवटच्याला चिखल मिळतो.

निवळ हवी असेल तर बाटली चोवीस तास उभी ठेवा, सावकाश उघडा, एकाच दमात सगळे पेले ओतून घ्या आणि तळाची दोन बोटं बाटलीतच सोडा. मध्ये बाटली सरळ केली की साका उठतो. आजी ताकावरची निवळ काढायची, तिचा हात एकदाच वाकायचा आणि परत सरळ व्हायचा नाही. तोच हात हवा.

सगळ्यांना सारखी धुरकट हवी असेल तर बाटली न उघडता आडवी धरा, हळूहळू उलटी करा, चार-पाच सेकंद थांबा आणि तशीच सरळ करा. दोनदा पुरे. सरबतासारखी हलवू नका. बुडबुड्यांची वाइन असेल तर अजिबात उलटी करू नका.

मला स्वतःला तिसरा मार्ग आवडतो. पहिला पेला निवळ द्यायचा आणि दुसऱ्या फेरीआधी बाटली हलकेच फिरवायची. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे असंच केलं. शेनँ आणि व्हियोनिएचं ब्लेंड होतं. पहिल्या पेल्यात लिंबाच्या सालीचा वास, चव सरळ आणि धारदार. दुसरा पेला दिव्यासमोर धरला तर तांदळाच्या धुवणासारखा रंग, आणि तीच वाइन तोंडात पसरट, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी. वहिनी म्हणाली, "ही दुसरी बाटली ना?" एकच बाटली होती. न गाळलेल्या वाइनची ओळख करून द्यायला याहून चांगला रस्ता मला अजून सापडलेला नाही.

उघडताना फस्सकन आवाज आला, थोडी उतूही गेली. असं का?

तरुण वाइनमध्ये आंबतानाचा वायू थोडा राहून जातो. किंवा बाटलीत किंचित साखर आणि जिवंत यीस्ट शिल्लक असेल तर ती उष्म्याने पुन्हा आंबू लागते. हलकी चुरचुर दोष नाही, पेला दोन-तीनदा फिरवला की बसते.

जोरात उसळली तर मात्र ती कुठेतरी तापली होती असं समजा. मी एकदा मे महिन्यात एका दुकानातून बाटली घेतली, दर्शनी काचेत उन्हात उभी होती. घरी बूच अर्धं निघताच फेस टेबलावर, चादरीवर, शेजारच्या ताटात. उरलेल्या वाइनला मुरंब्याच्या पातेल्याच्या तळासारखा करपट वास. तेव्हापासून उन्हातली बाटली मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. मागच्या कपाटातली मागते, आणि घरी आणली की एक रात्र फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय उघडत नाही.

पेले कोणते? तांब्या-पितळेचे चालतील का?

तोंडाशी थोडा निमुळता काचेचा पेला हवा, म्हणजे वास आत राहतो. एवढंच. महागाचा नको.

तांब्या-पितळेचे नकोत. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ताक कळकतं, तसंच वाइनचं आम्ल धातू ओढून घेतं. ते पोटाला वाईट. स्टीलने अपाय होत नाही, पण रंग दिसत नाही, आणि या वाइनचा निम्मा आनंद त्या धुरकट रंगात आहे.

बर्फ किंवा सोडा घालू का?

बर्फाने चव पाणचट होते. फारच उकडत असेल तर बिनबियांची द्राक्षं धुऊन, कोरडी करून गोठवून ठेवा आणि तीन-चार पेल्यात टाका. सोडा नको.

डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) किंवा जगमध्ये ओतून ठेवावी का?

बहुतेक वेळा गरज नसते. उघडल्यावर आगपेटीच्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर मात्र ओता. साक्यावर राहिलेल्या वाइनमध्ये गंधकाची काही द्रव्यं साठतात, पंधरा मिनिटं हवा लागली की बहुधा उडून जातात.

मग खरंच बिघडलेली कशी ओळखायची?

नाकाने आणि दुसऱ्या घोटाने. पहिल्या घोटाला तोंड तयार नसतं, त्यावर विश्वास ठेवू नका.

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या तळघराचा वास आला तर दोष बुचाचा. तो हवेने जात नाही, बाटली परत करा. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झणका आला तर जिवाणूंनी काम केलंय. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा तपकिरी रंग आणि शिळा वास म्हणजे हवा लागली. नारिंगी झाक मात्र वेगळी असू शकते. काही वाइनमध्ये रस सालांसोबत आंबवतात, जॉर्जियात तर मातीच्या मोठ्या रांजणात, आणि त्या रांजणांच्या परंपरेला २०१३ मध्ये युनेस्कोने मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवलं. तो रंग बिघाडाचा नाही.

एक दोष फक्त अशा कमी संस्कारांच्या वाइनमध्येच जास्त भेटतो, त्याला उंदराचा वास म्हणतात. नाकाला येत नाही. घोट गिळला की काही सेकंदांनी घशामागून उंदराच्या पिंजऱ्यासारखी किंवा शिळ्या मुरमुऱ्यांसारखी चव वर येते. वाइन आंबट असते तेव्हा तो वास दबून राहतो, लाळेत मिसळली की सुटतो. काहींना तो जाणवतच नाही. तुम्हाला जाणवला तर ती बाटली सोडून द्या, "नैसर्गिक वाइन अशीच असते" असं कोणी सांगितलं तरी.

सोबत काय वाढायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात प्रिय आहे, कारण इंदूरचं खाणं आणि ही वाइन एकमेकांसाठीच असल्यासारखी वागतात.

पहिला मान भुट्ट्याच्या किसाला. कोवळा मका किसून, जिरं-मोहरी-हिरव्या मिरचीच्या फोडणीवर दुधात शिजवलेला. त्यात गोडवा आहे, साय आहे आणि किंचित तिखट. साक्याचा गुळगुळीतपणा त्या दुधाशी मिळून जातो आणि शेनँचा आंबटपणा प्रत्येक घासानंतर तोंड धुऊन काढतो. वरून खोबरं-कोथिंबीर घाला, लिंबू कमी पिळा, आंबट वाइनमध्ये आहेच.

थंडीत गराडू, म्हणजे इकडचा एक कंद. सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तो तळून, वर जिरावन हा इंदुरी मसाला भुरभुरून देतात. कुरकुरीत, पिठूळ, खारट. निवळ पेल्यापेक्षा धुरकट पेला इथे जास्त शोभतो. फक्त जिरावन हात राखून, त्यातल्या काळ्या मिठाने आणि हिंगाने वाइन झाकोळते. पोह्यांबरोबर चालते, बडीशेपेचा वास आणि वरची शेव दोन्हीशी जमतं, पण पोह्यांबरोबर जिलबी खाल्लीत की पुढचा घोट लिंबाच्या रसासारखा लागेल. गोडापुढे कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नेहमीच अशी पडते. पुरणपोळी, श्रीखंड, मावाबाटी यांच्यासोबत नकोच.

मराठी ताटातलं म्हणाल तर सुरळीची वडी. बेसन, ताक आणि ओलं खोबरं, यापेक्षा नेमका जोडीदार मिळणार नाही. कोथिंबीर वडीत धणे जरा सढळ घाला, मस्कटचं ब्लेंड असेल तर फरक कळेल. अळूवडी चिंच-गूळ कमी असेल तर छान. साबुदाणा वडा दाण्याच्या चटणीबरोबर. मांसाहार असेल तर कोल्हापुरी पांढरा रस्सा. तांबडा नको: अल्कोहोल आणि मिरची जिभेवरच्या एकाच जाणिवेला डिवचतात, त्यामुळे दोन्ही जास्त जाळतात.

रतलामी शेवेतल्या लवंग-मिऱ्याचंही तसंच. वाटीभर ठेवा, परातभर नको.

शाकाहारी माणसाला चालेल का?

फाइनिंगसाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या हवापिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरण्याची पद्धत आहे. बेंटोनाइट मात्र माती आहे. "अनफिल्टर्ड" लिहिलं म्हणजे फाइनिंग केलं नाही असं होत नाही, ती वेगळी पायरी आहे. बाटलीवर "अनफाइंड" किंवा "व्हीगन" लिहिलंय का ते बघा. आमच्या आत्याला हे कटाक्षाने पाळायचं असतं, तिच्यासाठी मी लेबल वाचूनच घेते.

लेबलवर आणखी काय बघायचं?

फ्रेंचमध्ये "नॉन फिल्त्रे", इटालियनमध्ये "नॉन फिल्त्रातो". "सुर ली" म्हणजे साक्यावर ठेवलेली, पण ती पुढे गाळलेलीही असू शकते. "कोल फोंदो" म्हणजे तळाच्या साक्यासकट असलेली बुडबुड्यांची प्रोसेक्को. द्राक्षाचं वर्ष बघा. ही वाइन साधारण वर्षा-दोन वर्षांत प्यायची असते, जुनी म्हणून किंमत वाढत नाही.

नैसर्गिक आहे, मग डोकं दुखणार नाही ना? तब्येतीलाही बरी?

दोन्ही समजुती सोडून द्या. डोकं दुखतं ते बहुतेक वेळा अल्कोहोलने आणि पाणी कमी प्यायल्याने. सल्फाइटवर, म्हणजे वाइन टिकवायला घालतात त्या गंधकाच्या द्रव्यावर, खापर फोडतात, पण पिवळेधमक सुके जर्दाळू खाऊन ज्यांना काही होत नाही, त्यांनी वाइनमधल्या सल्फाइटची फार काळजी करू नये, जर्दाळूत ते कितीतरी जास्त असतं. दमा असलेल्या काहींना मात्र सल्फाइटचा खरा त्रास होतो. न गाळलेल्या वाइनमध्येही ते असतंच, आंबताना यीस्ट स्वतः थोडं तयार करतं.

तब्येतीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. साका असल्याने त्यात काही फरक पडत नाही. मी ही वाइन चवीसाठी घेते, औषध म्हणून कोणालाही देत नाही. गरोदरपणात, यकृताचा आजार असताना किंवा मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्या चालू असताना अजिबात नको. दुसरं काही औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

किती जणांना किती बाटल्या लागतात?

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले. साका सोडायचा असेल तर साडेचार धरा. जेवणासोबत सहा माणसांना दोन बाटल्या पुरतात. १३ टक्के अल्कोहोल असेल तर एका पेल्यात साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, आणि ही वाइन ताकासारखी सहज उतरते, म्हणून मोजून ओता. प्रत्येकासमोर पाण्याचा तांब्या ठेवा.

एकच पेला घेतला तर गाडी चालवू शकतो?

नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि बारीक चणीच्या माणसाला एका पेल्यातही ती ओलांडायला वेळ लागत नाही. आमच्याकडे येणारे रिक्षाने किंवा कॅबने येतात, नाहीतर न घेणारा कोणी सोबत असतो. यावर मी कोणाशी वाद घालत नाही, किल्ली काढून घेते. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालच्या कोणाला वाढायचीही नाही.

उन्हाळ्यात बाटल्या ठेवायच्या कुठे? उघडलेली किती दिवस टिकते?

माळ्यावर नको, फ्रीजच्या डोक्यावर नको, गॅसजवळच्या कपाटात तर मुळीच नको. आत जिवंत यीस्ट किंवा जिवाणू असू शकतात, उष्म्याने ते जागे होतात. शिवाय फाइनिंग केलेलं नसेल तर प्रथिनं तापून अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात आणि कायमचा धूसरपणा येतो. इंदुरात मार्च ते जून फ्रीजमधल्या भाजीच्या ड्रॉवरशेजारी जागा करा.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन दिवस, फार तर तीन. दुसऱ्या दिवशी काही ब्लेंड आणखी खुलतात, तेव्हा एक पेला मुद्दाम राखून बघा. चौथ्या दिवशी स्वयंपाकात वापरा.

बडोद्याला बहिणीकडे जातेय, एक बाटली नेऊ का?

नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे, बाटली सापडली तर तो गुन्हा ठरतो. जवळ म्हणून उज्जैनचाही विचार येतो, पण महाकाळाच्या नगरीत १ एप्रिल २०२५ पासून दारूची विक्री बंद आहे. दारूचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, म्हणून नाशिकहून येताना आग्रा-मुंबई रस्त्याने डिकी भरून आणण्याआधी दोन्ही राज्यांच्या उत्पादन शुल्क कार्यालयात विचारा.

घरात मोठी माणसं आहेत, काही पाहुणे घेत नाहीत. कसं करायचं?

आमचे सासरे घेत नाहीत. ते ताटावर बसलेले असताना मी बाटली उघडत नाही, जेवण झाल्यावर ते स्वतःच "चालू द्या तुमचं" म्हणून आत जातात. श्रावणात आणि चतुर्थीला आमच्याकडे बंद. प्रत्येक घराची रीत वेगळी, ती बाटलीपेक्षा मोठी.

न घेणाऱ्या पाहुण्यांना तसाच काचेचा पेला द्या, त्यात थंड कोकम किंवा पन्हं. "एक घोट तरी घ्या" असा आग्रह करू नका. जिलबीचा आग्रह चालतो, दारूचा नाही.

शेवटी तळाशी उरलेला साका फेकायचा का?

मला फेकवत नाही. दोन-तीन चमचे असतो, तेवढा वाटीत काढून झाकून फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी कढईत थोड्या लोण्यावर मशरूम परतते, पाणी सुटून आटलं की तो साका त्यावर ओतते आणि मोठ्या आचेवर मिनिटभर हलवते. मीठ, मिरपूड, ताजा पाव. फोडणीसारखा चर्र आवाज येतो आणि स्वयंपाकघरात बेकरीसारखा वास सुटतो.